वकीलीणबाईंच्या टर्नटेबलची घरघर

कंपनीत त्याला सगळे कानसेन म्हणायचे. तानसेन होणं नशिबात नसलं तर माणसाने निदान कानसेन व्हावं, असं आपण गमतीने म्हणतो. ह्या गृहस्थाने मात्र त्याच्यावर संसार चालवला. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तो मेकॅनिक होता. बाकीचे मेकॅनिक मशीन उघडून बघत, हा आधी ऐकत असे. लाकडी मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर होता त्याच्याकडे. त्याचं टोक मोटरला नाहीतर गिअरबॉक्सला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, दुसऱ्या कानात बोट घालायचं आणि डोळे मिटायचे. आतलं बेअरिंग ठणठणीत आहे की त्याला घरघर लागलीय, हे तो असं ऐकून सांगायचा. पंचवीसएक वर्षं त्याचं सांगणं खरं निघालं होतं.

ह्या लोकांत एक रिवाज होता. ज्याने कान लावून मशीन पास केलं, त्यानेच सगळ्यात वरच्या मजल्यावरून एकट्याने पहिली फेरी खाली यायचं. मग बाकीच्यांनी बसायचं. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. कुणा जुन्या उस्तादाने घालून दिलं होतं आणि ते मोडायची कुणाची छाती नव्हती. कानसेनला त्या पहिल्या फेरीचा मोठा अभिमान होता. हाताची घडी घालून तो असा खाली यायचा, की जणू वरातच निघालीय. आपल्या शब्दावर एवढी माणसं बिनघोर त्या पेटीत पाय ठेवतात, हे त्याला पक्कं माहीत होतं. दुसरी कुठली कला अंगात नव्हती. कान होता म्हणून तो होता.

आता माणसाच्या अंगी एखादी गोष्ट असली की तो तिच्याबद्दल जरा जास्तच हळवा होतो. बायकोने दोनदा हाक मारली आणि हा आलाच नाही, तर म्हणायचा, "ऐकलं होतं मी. काम करत होतो." कुणी पुटपुटलं आणि ह्याला नीट कळलं नाही, तरी मान हलवायचा. 'जरा मोठ्याने बोला' हे शब्द जन्मात कधी त्याच्या तोंडून बाहेर पडले नव्हते. मेलो तरी बेहत्तर, पण कानाला कमीपणा नको.

गेले काही महिने घरात एक नवीनच भांडण सुरू झालं होतं. कानसेनचं म्हणणं, इमारतीचा पाण्याचा पंप दिवसभर चालू असतो.

"बंद आहे हो पंप," बायको म्हणायची.

"मग हे काय घुमतंय?"

"मला नाही बाई काही येत ऐकू."

"तुला नाही यायचं," असं म्हणून तो हसायचा. एकदा तर जिना उतरून शेजाऱ्याशी वाद घालून आला. शेजाऱ्याने त्याला पंपाशी नेलं, पंपावर हात ठेवायला लावला. पंप गार पडला होता. मग शेजारच्या इमारतीतला असेल, असं म्हणून कानसेनने विषय संपवला. हरलो असं म्हणण्याची सवयच नव्हती.

कामावरही तसंच काहीतरी झालं होतं. ज्या मशीनला कान लावावा, त्याच्यात तळाशी एक बारीक घरघर. दूर कुठेतरी गिरणी चालू असावी, तशी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याने दोन मशीनं उघडून पाहिली. आत काही नाही. तिसरं, चौथं, सगळीकडे तेच. एकाच वेळी सगळी मशीनं कशी बिघडतील? त्याने डोकं चालवलं. कंपनीने नुकतंच नवीन ग्रीस आणलं होतं, स्वस्तातलं. ह्या ग्रीसचाच तो आवाज, असं त्याने ठरवून टाकलं. मग तो आवाज वजा करून ऐकायला शिकला. घरघर सोडून द्यायची, बाकी काय उरतं ते ऐकायचं. दोन महिन्यांत त्याला ते इतकं जमलं की घरघर आहे हेसुद्धा तो विसरून जायचा.

बायको डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती. दवाखाना सहाव्या मजल्यावर, आणि त्या इमारतीची लिफ्ट कानसेनच्याच वाट्याची. मोतीबिंदू काढलेल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचे, पट्टी बघायची, हाताला धरून लिफ्टने खाली आणून नातेवाइकांच्या ताब्यात द्यायचं, हे तिचं काम. दिवसभरात कितीदा ती खालीवर करायची. तिथला वॉचमन बोलका माणूस होता. मागच्या खेपेला तो म्हणाला होता, "मास्तर, लिफ्ट जरा घरघरतेय हो. पेशंट लोक पण म्हणतात."

"नवीन ग्रीस आहे. सगळ्याच घरघरतात हल्ली," कानसेन म्हणाला.

"आधी नव्हती घरघरत."

"आधी हे ग्रीस नव्हतं. आता बघ, मी स्वतः पहिली फेरी बसून आलो ना खाली? मग?"

 वॉचमनने विडी शिलगावली.

त्याच आठवड्यात ती भानगड सुरू झाली. दुसऱ्या एका इमारतीत, नवव्या मजल्यावर, एक वकीलीणबाई राहायच्या. वकीलसाहेब वर्षापूर्वी गेले होते. मशीनरूम त्यांच्या दाराच्या वरच, म्हणून कानसेन काम आटपून उतरला की त्या त्याला पाणी विचारायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "तुम्हाला यंत्रांतलं कळतं. आमच्याकडे एक आहे, जरा बघता का? विकायचं म्हणतेय."

आत दिवाणखान्यात खिडकीपाशी ते ठेवलं होतं. टर्नटेबल. कानसेन जागच्या जागी उभा राहिला. त्याला तबकड्यांचा नाद होता. घरी सासऱ्यांनी दिलेल्या तबकड्यांचा एक खोका होता आणि त्या वाजवायला एक प्लास्टिकचं डबडं, ज्याच्यावर प्रत्येक गाणारा सर्दी झाल्यासारखा गायचा. असलं यंत्र त्याने दुकानाच्या काचेतून पाहिलं होतं, तेही लांबून, कारण जवळ गेलं की दुकानदार किंमत सांगतात. तळहाताएवढ्या जाडीची धातूची थाळी. सुईचा दांडा असा नाजूक की फुंकर मारली तर हलेल. बाईंनी झाकण काढलं, एक तबकडी ठेवली आणि सुई टेकवली.

गाणारी गायला लागायच्या आधी तिने श्वास घेतला. तो श्वास ऐकू आला. कानसेनच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आपण काय कचरा ऐकत होतो, असं त्याला झालं. तो न सांगता खुर्चीवर बसला. तबकडी संपेपर्यंत उठला नाही. हे आपल्याला पाहिजे, एवढं एकच त्याच्या मनात घुमत राहिलं.

बाईंनी किंमत सांगितली. कमीच होती खरं तर, त्या यंत्राच्या मानाने. पण कानसेनच्या मानाने? अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, इथे अंथरूणच गुडघ्यापर्यंत. घरात शिल्लक म्हणून एकच पाकीट होतं, कपाटात साड्यांखाली. ते बायकोच्या दातांसाठी होतं. वर्ष झालं, ती एकाच बाजूने चावत होती. दाढा काढायच्या, दुसऱ्या बसवायच्या, दंतवैद्याशी बोलणंही झालं होतं.

तो उठला. जावं असं त्याने ठरवलंही होतं. पण सवयीप्रमाणे खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, थाळी फिरत असताना टोक लाकडी चौकटीला टेकवलं, मूठ कानामागे लावली, दुसऱ्या कानात बोट घातलं. आणि त्याच्या काळजाने उडी मारली. तळाशी घरघर होती.

"बाई, बेअरिंग गेलंय ह्याचं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"थाळी ज्याच्यावर फिरते ते. आतून खराब झालंय. घरघरतंय."

बाईंनी वाकून कान दिला. "मला तर काहीच ऐकू येत नाही."

"तुम्हाला नाही यायचं."

खोटं तो बोलत नव्हता. हे नीट ध्यानात घ्या, नाहीतर तुम्ही त्याला लबाड समजाल. त्याने ऐकलं तेच सांगितलं. पण सांगताना आतून गुदगुल्या होत होत्या, हेही तितकंच खरं. बाईंनी थाळी थांबवली. मग म्हणाल्या, "ह्यांचा फार जीव होता ह्याच्यावर. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आतून गेलंय म्हणता, तर मग पूर्ण किंमत कशी मागू? निम्म्यात घेऊन जा. तुम्ही दुरुस्त तरी कराल."

निम्मे म्हणजे बरोबर ते पाकीट. संध्याकाळी तो पैसे देऊन यंत्र घेऊन गेला. त्याच लिफ्टने, दोन्ही हातांनी छातीशी धरून, तान्हं मूल आणावं तसं. उतरताना लिफ्ट सातव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये किंचित हिसकली. एरवी त्याने लगेच ऐकायला कान लावला असता. त्या संध्याकाळी त्याचं लक्ष हातातल्या वस्तूवर होतं.

घरी बायकोने दार उघडलं, यंत्राकडे पाहिलं, मग कपाटाकडे पाहिलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने जेवायला वाढलं, समोर बसली आणि डाव्या बाजूने सावकाश चावत राहिली. तो म्हणाला, "बेअरिंग दुरुस्त केलं की दुप्पट किमतीला जाईल. मग तुझ्या दाढा दोन्ही बाजूंच्या करू."

"बरं," ती म्हणाली.

"खरंच सांगतोय."

"मी कुठे नाही म्हणतेय?"

 विकायचं त्याच्या मनात नव्हतं, आणि ते तिलाही कळलं होतं. इतकी वर्षं संसार केल्यावर एवढंही कळणार नाही का?

दुसऱ्या दिवशी त्याची सुटी होती. बायको दवाखान्यात गेली. त्याने जमिनीवर स्वच्छ चादर अंथरली आणि यंत्र उघडलं. थाळी उचलून बाजूला ठेवली, मधला दांडा अलगद वर ओढला. दांड्याच्या तळाशी एकच गोळी असते, तिच्यावर सगळा भार. त्याने ती उजेडात धरली. एक ओरखडा नाही. दांडा पुसला, त्याच्यात स्वतःचं नाक दिसलं. वकीलसाहेबांनी यंत्राला फुलासारखं जपलं होतं.

असं कसं, असं पुटपुटत त्याने नवीन तेल घातलं, सगळं परत बसवलं. वीज न लावता नुसती हाताने थाळी फिरवली. स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानामागे, दुसऱ्या कानात बोट. घरघर होतीच.

त्याने तळहात ठेवून थाळी थांबवली. घरघर थांबली नाही.

आता ह्या ठिकाणी तुम्ही-मी समजून चुकलो असतो. पण कानसेनचं डोकं यंत्रातच अडकलेलं. त्याने टोक टेबलाच्या पायाला लावलं. घरघर. भिंतीला लावलं. घरघर. पंपाचा आवाज भिंतीतून येतोय, असं स्वतःला समजावत तो स्वयंपाकघरात गेला आणि कोपऱ्यातल्या पिठाच्या पिशवीत स्क्रूड्रायव्हर खुपसला. पिठाची पिशवीसुद्धा घरघरत होती. पिठाच्या पिशवीला कधी कुणी बेअरिंग बसवलंय का? त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. नुसतं बोट कानात घातलं. हातात काही नव्हतं, समोर काही चालू नव्हतं, आणि ती गिरणी डोक्याच्या आत कुठेतरी शांतपणे दळत होती.

तो तिथेच फरशीवर बसला. पहिल्यांदा त्याला बाईंची आठवण झाली. आपल्या कानातला बिघाड आपण त्यांच्या यंत्राच्या नावावर खपवला आणि वर निम्म्या पैशांत ते उचलून आणलं. त्याला लाज वाटली, चांगलीच वाटली. पण लाजेला फार वेळ मिळाला नाही, कारण तिच्या मागून दुसरी गोष्ट चालत आली.

ग्रीस.

ग्रीसमध्ये काहीच नव्हतं. कधीच नव्हतं. दोन महिने तो स्वतःच्या कानाची घरघर प्रत्येक मशीनमध्ये ऐकत होता आणि वजा करत होता. आणि ज्या मशीनची घरघर खरी होती, तीसुद्धा त्याने त्याच हिशेबात वजा केली होती. ती कुठली? एक की चार? ते सांगायचं कुणी? सांगणारा कान तर हाच. सगळी मशीनं त्याने मनातल्या मनात एकेक करून आठवून पाहिली. सगळी सारखीच घुमत होती. मग त्याला वॉचमन आठवला. वॉचमनच्या कानात तर काही बिघाड नव्हता. आधी नव्हती घरघरत, असं तो म्हणाला होता. आणि पेशंट पण म्हणतात.

त्याने बायकोला फोन लावला. 

"अगं, कुठे आहेस?"

"कुठे असणार? एका आजोबांना खाली घेऊन निघालेय. लिफ्टची वाट बघतेय."

"लिफ्टने येऊ नकोस."

"काय?"

"लिफ्टमध्ये पाय ठेवू नकोस. जिन्याने ये."

"अहो, दोन्ही डोळ्यांना पट्टी आहे त्यांच्या. सहा मजले जिन्याने कशी उतरवू? आणि तुम्हीच तर बघून गेलात ना परवा?"

"मी बघितली म्हणूनच सांगतोय. माझा कान गेलाय गं. तो पंप नाही, माझा कानच घुमतोय. लिफ्टचं मला काही कळलेलं नाही. कित्येक दिवस कळलेलं नाही."

पलीकडे दवाखान्यात कुणाचं तरी नाव पुकारत होते. ती दातांचं बोलली नाही, यंत्राचं बोलली नाही. फक्त म्हणाली, "मी आजोबांना बाकावर बसवते. आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"अहो, बाकीची माणसं. मी नाही बसले, पण लिफ्ट आत्ताच खाली गेली, भरून."

हे काही त्याच्या मनात आलंच नव्हतं. फोन केला तेव्हा त्याला फक्त बायको दिसत होती. ह्याबद्दल त्याला दोष द्यायचा तर द्या, पण आपल्यापैकी किती जणांनी दुसरं काही केलं असतं? त्याने वॉचमनला फोन केला, लिफ्ट खाली आली की माणसं उतरव आणि मेन स्विच पाड म्हणून सांगितलं, आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन पायांत चपला अडकवून निघाला. वाटेत सतत त्याला वाटत होतं की फोन वाजेल. फोन वाजला नाही, पण म्हणून धीरही आला नाही.

पोचला तेव्हा लिफ्ट तळाला उभी होती, दार उघडं, आत कुणी नाही.  मग तो आणि वॉचमन जिन्याने वर मशीनरूममध्ये गेले. निघण्याआधी लिफ्टला 'बंद'चा बोर्ड लावला होता, दारं लावून घेतली होती. तिथून रिकामी पेटी दोन मजले वरखाली चालवायला त्याने वीज घेतली. मशीन फिरायला लागलं. कानसेनने सवयीने मूठ कानाशी नेली. अर्ध्या वाटेत हात थांबला. त्याने स्क्रूड्रायव्हर वॉचमनच्या हातात दिला.

"मी?" वॉचमन म्हणाला. "मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला नको. ऐक फक्त. टोक इथे. मूठ कानामागे, हाडाला. दुसऱ्या कानात बोट घाल."

वॉचमनने लाजतलाजत टोक टेकवलं. आधी तो हसत होता. मग हसणं उतरलं. मग त्याने हात झटकन मागे घेतला.

"मास्तर, आत कुणी खडे भरडतंय का हो?"

कानसेनने वीज बंद केली. मशीन थांबलं, खोली शांत झाली. वॉचमनसाठी शांत झाली.

खाली सहाव्या मजल्यावर बायको जिन्यातच उभी होती, एका हाताने आजोबांचा हात धरून. त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या. "लिफ्ट बंद आहे का?" आजोबांनी हवेत विचारलं. "हो आजोबा," ती म्हणाली, "हळूहळू उतरू, मी आहे." नवऱ्याकडे तिने पाहिलं. त्या बघण्यात राग होता, पण ती त्याच्याकडे बघत होती, हे त्याला पुष्कळ होतं. त्याने आजोबांचा दुसरा हात धरायला हात पुढे केला. ती मानेने नाही म्हणाली आणि त्याच्या खिशातल्या फोनकडे बोट दाखवलं.

जिन्याच्या खिडकीशी उभं राहून त्याने ऑफिसला फोन लावला. साहेब तरुण होता, कानसेनला मानणारा.

"साहेब, दवाखान्याच्या इमारतीची लिफ्ट बंद केलीय. बेअरिंग गेलंय."

"अहो, पण ती तर तुम्हीच पास केलीत."

"हो. म्हणूनच फोन केला. बाकीच्याही बंद करा."

"बाकीच्या कुठल्या?"

"दोन महिन्यांत मी पास केलेल्या सगळ्या. आत्ता, ताबडतोब. नवव्या मजल्यावर एक वकीलीणबाई राहतात, त्या इमारतीची पहिली बंद करा. कालच हिसकली होती, मी लक्ष दिलं नाही."

पलीकडे साहेब काहीतरी बोलू लागला. सगळ्या म्हणजे किती, तुम्हाला कळतंय का काय सांगताय, लेखी द्यावं लागेल, नोकरीचं काय होईल, असंच काहीतरी असणार. शब्द येत होते, पण त्यांच्याखाली ती गिरणी दळत होती, आणि त्याला धड काही कळेना. एरवी त्याने मान हलवली असती आणि हो हो म्हटलं असतं. खाली बायको आजोबांना एकेक पायरी मोजून दाखवत उतरत होती.

"साहेब," तो म्हणाला, "जरा मोठ्याने बोला. मला नीट ऐकू येत नाही."